नांगर न टाकता उभं राहताना

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजी राजांनी १८१४-१५ च्या सुमारास पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठावर, मल्लिपट्टिणमजवळ, एक आठ मजली मनोरा बांधला. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळवलेल्या विजयाचं ते स्मारक. मराठी राजाने तमिळ किनाऱ्यावर फ्रेंच सम्राटाच्या पराभवाची आठवण इंग्रजांच्या आनंदासाठी उभारावी, हा त्या काळाचाच विनोद म्हणायचा. मनोऱ्यासमोरचा समुद्र मात्र अगदी सरळमार्गी. पाल्कच्या उपसागराची खोली बहुतेक ठिकाणी पंधरा मीटरच्या आत, तळाला गाळ आणि वाळू. नांगर टाकला की रुतला, होडी थांबली.

तिथून वर, कोडियक्करैचं टोक ओलांडून नागपट्टिणमकडे सरकलं की समुद्राचा स्वभाव बदलतो. हा किनारा १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होता. नागपट्टिणमला डचांचं ठाणं होतं तेव्हापासून गलबतं इथे उघड्या समुद्रातच नांगर टाकून उभी राहत. ऑक्टोबरात ईशान्य मोसमी वारे सुरू झाले की शहाणा कप्तान नांगर उचलून हा किनारा सोडून जाई, कारण त्या वाऱ्यात नांगराच्या दोराचा भरवसा कोणी धरत नसे. आता याच किनाऱ्याबाहेर माणसं तेल आणि वायू शोधतात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाखाली जे गाळाचे थर आहेत, तेच समुद्राखाली दूरवर पसरलेले आहेत. त्यातलं पीवाय-३ हे क्षेत्र ४० पासून ४५० मीटरपर्यंतच्या पाण्यात आहे. २००७ मध्ये रिलायन्सला कावेरी खोऱ्यात वायूचा साठा सापडला, त्या विहिरीवर १,१८५ मीटर पाणी होतं.

एवढ्या पाण्यात नांगर टाकताच येत नाही असं नाही. पण खोलीच्या कित्येक पट लांबीच्या साखळ्या आणि तारा लागतात, त्या चारी बाजूंना नेऊन टाकायला वेगळी जहाजं लागतात, आणि जागा बदलायची तर सगळा खटाटोप पुन्हा करावा लागतो. मुंबई हायसारख्या ठिकाणी अडचण उलटी आहे. तिथे पाणी उथळ, पण तळावर तेला-वायूच्या नळांचं असं जाळं पसरलेलं की नांगर ओढत नेणं म्हणजे संकटाला आवतण. अशा दोन्ही ठिकाणी जहाजाने नांगराविना, स्वतःच्या बळावर एका जागी उभं राहावं लागतं. या तंत्राला डायनॅमिक पोझिशनिंग म्हणतात. जहाजावरच्या माणसांच्या तोंडी मात्र फक्त ‘डीपी’.

कल्पना ऐकायला सोपी आहे. उपग्रहाकडून, समुद्रतळावर ठेवलेल्या ध्वनियंत्रांकडून, जवळच्या फलाटावर रोखलेल्या लेसरकडून जहाजाला आपली जागा सतत कळत राहते. वाऱ्याचं माप डोलकाठीवरची यंत्रं देतात. संगणक ठरवतो की जहाज कुठल्या बाजूला किती सरकतंय आणि ते परत आणायला किती रेटा हवा. मग बुडाखाली बसवलेले पंखे, म्हणजे थ्रस्टर, तेवढा रेटा देतात. लाटेबरोबर वरखाली होणं आणि डोलणं याच्याशी डीपीला कर्तव्य नसतं. पुढे-मागे, डावी-उजवीकडे आणि नाळेची दिशा, एवढ्या तीनच गोष्टी त्याच्या हातात असतात.

पहिला प्रयोग १९६१ चा. पृथ्वीचं कवच भेदून खालच्या थरापर्यंत पोचायच्या ‘मोहोल’ प्रकल्पासाठी अमेरिकेत ‘कस-१’ नावाच्या एका बार्जला चार बाजूंना चार फिरते पंखे लावले. भोवती तरंगती बोयरी सोडली आणि रडार व ध्वनीच्या मदतीने त्यांच्यापासूनचं अंतर पाहत एक माणूस हाताने ते चारही पंखे चालवत राहिला. मेक्सिकोच्या ग्वादालूप बेटाजवळ सुमारे ३,५०० मीटर पाण्यात ते बार्ज १८० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात टिकलं, आणि तेवढ्यात तळाला भोकंही पाडून झाली. त्याच वर्षी शेल कंपनीच्या ‘युरेका’ जहाजावर हे काम यंत्राकडे सोपवण्यात आलं. पुढे सत्तरच्या दशकात नॉर्वेत संगणकाला लाटेचं क्षणिक हेलकावणं आणि खरोखरचं सरकणं यांत फरक करायला शिकवलं गेलं. प्रत्येक लाटेशी भांडत बसायचं नाही, एवढं शहाणपण आल्यावर डीपी खऱ्या अर्थाने कामाला लागलं.

आपल्या बाजूचं उदाहरण २०१५ चं. ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ हे संशोधन-जहाज अरबी समुद्रातल्या लक्ष्मी खोऱ्यात, भारताच्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर उभं होतं. मोहिमेच्या दोन प्रमुख शास्त्रज्ञांपैकी एक गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक व महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे. हिमालयाची झीज कधी आणि कशी झाली याचा हिशोब सिंधू नदीने समुद्रात आणून टाकलेल्या गाळात शोधायचा होता. एका ठिकाणी पाणी ३,६४० मीटर आणि त्याखाली गाळात अकराशे मीटरहून खोल भोक. जहाजापासून भोकाच्या तळापर्यंत पावणेपाच किलोमीटर लांबीचा पोलादी नळ लोंबत होता, आणि वर बारा थ्रस्टर त्या जहाजाला जागेवर धरून होते. भारताच्या पूर्व किनाऱ्याबाहेर तर २०१३ मध्ये ओएनजीसीसाठी ‘धीरूभाई डीपवॉटर केजी-१’ या जहाजाने तीन किलोमीटरहून जास्त पाण्यात विहीर खणून जागतिक विक्रम केला होता.

इथवरची गोष्ट माहितीपत्रकांत वाचायला मिळते. माहितीपत्रकं ज्याच्याबद्दल फारसं बोलत नाहीत ते म्हणजे थ्रस्टरने मागे फेकलेलं पाणी.

थ्रस्टर रेटा देतो म्हणजे काय करतो? पाणी ओढून घेतो आणि मागे फेकतो. दर सेकंदाला किती पाणी फेकलं आणि त्याला किती वेग दिला, यांचा गुणाकार म्हणजे रेटा. तीन मीटर व्यासाचा, कड्यात बसवलेला पंखा पन्नास टनांचा रेटा देत असेल तर ढोबळ हिशोबाने तो दर सेकंदाला साठ टन पाणी मागे ढकलतो आणि त्या पाण्याचा वेग ताशी तीस किलोमीटरच्या घरात जातो. पंख्याचे फेरे दुप्पट केले तर रेटा चौपट होतो, पण त्यासाठी शक्ती आठपट लागते. उलट बाजूने पाहिलं तर निम्मा रेटा पुरत असेल तर शक्तीचा जेमतेम एकतृतीयांश भाग खर्च होतो. म्हणून डीपी जहाजावर एकाच पंख्याला राबवण्यापेक्षा सगळ्यांकडून थोडं थोडं काम करून घेणं स्वस्त पडतं. डिझेलच्या बिलाकडे बघणाऱ्या कोणालाही हे गणित लगेच पटतं.

वाटेने चाललेलं जहाज आपलं ढवळलेलं पाणी मागे टाकून पुढे निघून जातं. डीपीवरचं जहाज जागचं हलत नाही. त्याने फेकलेला झोत त्याच्याच बुडाखाली, त्याच्याच अवतीभवती फिरत राहतो. सहा-आठ थ्रस्टर असतील तर सहा-आठ झोत, आणि प्रत्येकाची दिशा मिनिटामिनिटाला बदलणारी. कारखान्याच्या कागदावर प्रत्येक थ्रस्टरची जी ताकद लिहिलेली असते ती मोकळ्या, शांत पाण्यातली असते. समुद्रात मात्र ते सगळे एकमेकांच्या झोतात काम करत असतात, आणि कागदावरच्या आकड्यांची बेरीज तिथे लागू पडत नाही.

सर्वांत मोठा तोटा एका थ्रस्टरचा झोत दुसऱ्याच्या तोंडात गेल्यावर होतो. मागच्या पंख्याला मिळणारं पाणी आधीच वेगाने येत असतं. त्याला आणखी वेग देण्याची पंख्याची क्षमता मर्यादित, त्यामुळे तो तेवढेच फेरे घेतो पण रेटा फारच कमी देतो. प्रतिकृतींवरच्या प्रयोगांतून निघालेलं एक सूत्र या क्षेत्रात बरंच वापरतात. त्याप्रमाणे दोन पंखे एकापाठोपाठ एक असतील आणि त्यांच्यात पंख्याच्या व्यासाच्या सहापट अंतर असेल, तर मागच्याचा रेटा जवळजवळ निम्म्यावर येतो. तीन मीटरच्या पंख्याला सहापट म्हणजे अठरा मीटर. अंतर सोळापट केलं, म्हणजे जवळपास पन्नास मीटर, तरी चौथा हिस्सा गेलेलाच असतो. झोत पसरतो, मंदावतो, पण इतक्या लांबवर जाणवत राहतो.

उपाय मात्र फारच स्वस्त आहे. पुढचा थ्रस्टर थोडासा वळवायचा. पंधरा अंश वळवला तर हव्या त्या दिशेतला त्याचा रेटा साडेतीन टक्क्यांपेक्षाही कमी घटतो, आणि झोत बाजूने निघून गेल्यामुळे मागच्याची बरीचशी ताकद परत येते. साडेतीन टक्के देऊन चाळीस-पन्नास टक्के वाचवण्याचा हा सौदा आहे. म्हणून डीपीच्या संगणकात प्रत्येक थ्रस्टरसाठी काही दिशा बंद करून ठेवलेल्या असतात. अमुक कोनापासून तमुक कोनापर्यंत हा वळणार नाही, कारण तिथे शेजारी आहे.

पण बंदी घातली की प्रश्न संपत नाही. समजा वारा ईशान्येकडून आहे आणि प्रवाह दुसरीकडूनच. चोळमंडलाच्या किनाऱ्यावर हे काही नवलाचं नाही. तिथला किनारी प्रवाह वर्षात दिशा पालटतो, फेब्रुवारी ते मेच्या सुमारास उत्तरेकडे वाहतो आणि ईशान्य मोसमी पावसात दक्षिणेकडे. नाळ वाऱ्याकडे करावी तर प्रवाह कुशीवर येतो, प्रवाहाकडे करावी तर वारा. रेटा हवा असतो नेमका त्याच दिशेने, जी बंद आहे. मग थ्रस्टर बंद पट्ट्याच्या एका काठावर येऊन थांबतो आणि वारा जरा फिरला की पट्टा ओलांडून दुसऱ्या काठाला जातो. जाताना त्याचा झोत शेजाऱ्याच्या अंगावरून फिरतो. अनुभवी डीपी ऑपरेटर अशा वेळी संगणकाशी वाद न घालता जहाजाची नाळच दहा-पंधरा अंश फिरवून बघतो.

दुसरा तोटा जहाजाच्या स्वतःच्या अंगाचा. नळाखाली चमचा उपडा धरला तर पाण्याची धार त्याच्या पाठीला चिकटून वळते. थ्रस्टरचा झोतही असाच जहाजाच्या बुडाला चिकटतो आणि कडेच्या गोलाईवरून वर वळतो. झोत बुडाला घासत गेला की बुड त्याच्याबरोबर ओढलं जातं, म्हणजे रेट्याच्या नेमक्या उलट दिशेने. दोन पाणबुड्यांसारख्या तरंगत्या तराफ्यांवर उभारलेल्या खणन-मंचांवर हा प्रकार आणखी वाईट होतो. एका तराफ्याखालून निघालेला झोत वर उचलला जाऊन समोरच्या तराफ्यावर आदळतो. थ्रस्टर एका बाजूला ढकलतोय आणि त्याचंच पाणी दुसऱ्या बाजूला ढकलतंय! यावर पंखा किंवा त्याचं कडं सुमारे आठ अंश खाली झुकवण्याचा तोडगा निघाला. झुकवल्याने आडवा रेटा एखाद्या टक्क्याने कमी होतो, पण झोत बुडाखालून सुटून खोल पाण्यात निघून जातो. आज अनेक कंपन्या असे झुकलेले थ्रस्टर विकतात.

तिसरं दुखणं हवेचं. लाटेत नाळ वर उचलली की पुढचे थ्रस्टर पृष्ठभागाजवळ येतात आणि पाण्याबरोबर हवा ओढतात. हवा ढकलून जहाज हलत नाही. रेटा एकदम कोसळतो, पंखा भरारा फिरतो, मग नाळ खाली येते आणि पुन्हा भार येतो. जहाजाच्या नाळेत आरपार बोगदा काढून बसवलेल्या थ्रस्टरना प्रवाहाचाही जाच असतो. बोगद्यातून आडवा निघालेला झोत प्रवाहाने मागे वळवला की तो जहाजाच्या कुशीला लागतो आणि त्याचा परिणाम घटतो.

या सगळ्याचा अंदाज पूर्वी दोरे लावून, बल मोजून, बराचसा अनुभवावर बांधला जाई. झोत प्रत्यक्ष दिसत नव्हता. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन इथल्या ‘मारिन’ या सागरी संशोधन संस्थेने तो दिसेल अशी सोय केली. तिथल्या लांबच लांब हौदात जहाजाच्या बुडाची प्रतिकृती आणि चालते छोटे थ्रस्टर ठेवले. पाण्यात बारीक कण मिसळले, लेसरचा प्रकाश पातळ पडद्यासारखा पाण्यातून सोडला आणि दोन कॅमेऱ्यांनी क्षणाक्षणाला छायाचित्रं घेतली. दोन छायाचित्रांमध्ये कण किती सरकले ते पाहिलं की त्या पडद्यातल्या प्रत्येक जागी पाणी कुठे आणि किती वेगाने चाललंय ते कळतं. बुडाच्या गोलाईवर झोत कुठे चिकटतो, कुठे सुटतो, शेजारच्या थ्रस्टरपाशी पोचेपर्यंत किती पसरतो, हे अशा मोजमापांतून नीट उलगडलं. आता संगणकावर पाण्याचं गणित मांडून झोत काढता येतो. तरी ते गणित बरोबर आहे का हे ठरवायला हौदातली मापंच लागतात. प्रतिकृतीतलं पाणी लहान मापात खऱ्या समुद्राइतकं खळबळत नाही, म्हणून हौदातला आकडा उचलून जहाजाला चिकटवताही येत नाही, हे तिथले लोक आवर्जून सांगतात.

झोताची भीती सर्वांत जास्त कोणाला असावी? पाणबुड्यांना. मुंबई हायमध्ये नळ तपासणारे, जोडणारे पाणबुडे डीपी जहाजावरून खाली उतरतात. त्यांना श्वासाची हवा, गरम पाणी आणि आवाज पोचवणारी जाड नळी असते. तिची लांबी अशी बांधून दिलेली असते की पाणबुड्याने कितीही ताणली तरी तो सर्वांत जवळच्या थ्रस्टरपासून किमान पाच मीटर लांबच राहील. हा नियम अपघातांतून शिकून झालेला आहे.

‘समुद्र सुरक्षा’ हे असंच पाणबुड्यांना घेऊन काम करणारं ओएनजीसीचं बहुउद्देशीय जहाज. २७ जुलै २००५. आदल्याच दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली होती. हेलिकॉप्टरं उडत नव्हती. जहाजावरच्या एका खानसाम्याच्या हाताची बोटं कापली गेली, त्याला उपचारासाठी मुंबई हाय नॉर्थ या मंचावर पोचवायचं होतं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन बंद होती, म्हणून वाऱ्याच्या समोरच्या बाजूने जायचं ठरलं. वारा ३५ नॉटचा, लाटा पाच मीटरच्या आसपास. जहाजाच्या फिरत्या थ्रस्टरचं संगणकी नियंत्रण नीट चालत नव्हतं, तेव्हा पिछाडी पुढे करून हातानेच जहाज आणलं गेलं. जखमीला क्रेनने वर घेतलं. त्यानंतर एका मोठ्या लाटेने जहाज उचललं आणि त्याचा हेलिकॉप्टर उतरायचा मंच वायूच्या उभ्या नळांवर आदळला.

वायू फुटला, पेटला. दोन तासांत मुंबई हाय नॉर्थचा मंच नाहीसा झाला. बावीस माणसं गेली, त्यातल्या अकरा जणांचे मृतदेह कधीच सापडले नाहीत. ३६२ जणांना वाचवण्यात आलं. जळत्या ‘समुद्र सुरक्षा’वर दाबाच्या कोठीत सहा पाणबुडे अडकून पडले होते. अशा कोठीतून माणसाला एकदम बाहेर काढता येत नाही, दाब हळूहळू उतरवावा लागतो. त्यांची सुटका सुमारे ३६ तासांनी झाली. १ ऑगस्टला जहाज मुंबईपासून अठरा किलोमीटरवर बुडालं.

या अपघाताला डीपीचा अपघात म्हणणं फारसं बरोबर नाही, कारण त्या घडीला डीपी जहाज धरून नव्हतंच. खरी चूक वेगळ्या जागी होती. थ्रस्टर पूर्ण ताकदीनिशी हाताशी नसताना वाऱ्याच्या समोरच्या बाजूने मंचाजवळ जाणं म्हणजे रेटा तुटला की समुद्र तुम्हाला थेट मंचावर नेऊन टाकणार. आडोशाच्या बाजूला असता तर त्याच समुद्राने लांब नेलं असतं. डीपीच्या वर्गवारीमागेही हाच विचार आहे. आंतरराष्ट्रीय नियमांत दुसऱ्या वर्गाच्या जहाजावर कुठलंही एक चालतं यंत्र बंद पडलं तरी जागा सुटता कामा नये, आणि तिसऱ्या वर्गात एखाद्या कप्प्यात आग लागली किंवा पाणी भरलं तरीही. हे नियम १९९४ चे, २०१७ मध्ये सुधारलेले. झोताचा हिशोब इथे पुन्हा आडवा येतो. एक थ्रस्टर बंद पडला की उरलेल्यांना जास्त राबावं लागतं, त्यांचे झोत जास्त जोरकस होतात, आणि दिशा बदलल्यामुळे पूर्वी जे एकमेकांच्या वाटेत नव्हते ते येतात. कागदावर ‘एक गेला तरी पाच आहेत’ असं असलं तरी पाण्यात ते पाच साडेतीनच भरू शकतात. जहाज किती वाऱ्यात टिकेल याचे आलेख काढताना हे तोटे धरलेत की नाही, हा प्रश्न जहाज भाड्याने घेणाऱ्याने पहिल्यांदा विचारायला हवा.

तंजावरहून चेन्नईला गेलं की राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचं ‘सागर निधी’ हे संशोधन-जहाज बघायला मिळू शकतं. इटलीत बांधलेलं, सुमारे १०४ मीटर लांब, दुसऱ्या वर्गाची डीपी असलेलं. २०१० मध्ये याच जहाजावरून ‘रोसब ६०००’ हे दूरनियंत्रित यान मध्य हिंदी महासागरात ५,२८९ मीटर खोल गेलं. २०२१ मध्ये समुद्रतळावर चालणारं ‘वराह’ हे यंत्र ५,२७० मीटरवर चाचणीला उतरवण्यात आलं. दोन्ही वेळा जहाजापासून तळापर्यंत पाच किलोमीटरची तार, आणि ती पाण्यात शिरते ती जागा थ्रस्टरच्या शेजारात. तार झोतात सापडली तर ओढली जाते, यान वर घेताना झोतात आलं तर भिरभिरतं.

तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारं ‘मत्स्य ६०००’ हे यान याच संस्थेत तयार होतंय. ते तारेविना सुटं उतरणार आहे आणि वर आल्यावर लाटांवर तरंगत जहाजाची वाट बघणार आहे. जहाजाला त्याच्याजवळ जाऊन एका जागी उभं राहावं लागेल. जवळ राहायचं तर रेटा हवा, आणि रेटा दिला की झोत यानाला लांब ढकलणार किंवा जहाजाखाली ओढणार. यान कुठल्या कुशीला घ्यायचं, त्या बाजूचे थ्रस्टर किती कमी करायचे, उरलेल्यांनी वारा कसा पेलायचा, हे सगळं माणसं आत बसण्याआधी रिकाम्या यानावर आणि शांत पाण्यात पुन्हा पुन्हा करून बघावं लागतं.